बीन टु कप मशीन घरी आणल्यावर: पहिल्या दिवसापासून पहिल्या डीस्केलिंगपर्यंत

बीन टु कप मशीन म्हणजे बिया स्वतःच दळून त्यांची कॉफी करणारं यंत्र. बटण दाबल्यापासून कपात कॉफी पडेपर्यंत जेमतेम एक मिनिट जातं. त्या मिनिटात मशीनच्या पोटात काय घडतं हे एकदा नीट समजलं, की पुस्तिकेतल्या अर्ध्या सूचना पाठ कराव्या लागत नाहीत, त्या आपसूक सुचतात. म्हणून सुरुवात तिथूनच करते.

वरच्या डब्याला हॉपर म्हणतात. त्यातल्या भाजलेल्या बिया घरंगळत ग्राइंडरमध्ये उतरतात. हा ग्राइंडर मिक्सरसारखा पात्यांचा नसतो. स्टीलचे किंवा सिरॅमिकचे दोन दातेरी भाग एकमेकांसमोर बसवलेले असतात, त्यातला एक फिरतो आणि जात्यासारखं दळण होतं. दोन भागांमधली फट कमी केली की पूड बारीक, वाढवली की जाड. ही पूड ब्रू युनिट नावाच्या भागात पडते. एका कपाला साधारण ७ ते १२ ग्रॅम. तिथे एक दट्ट्या ती दाबून तिची घट्ट वडी करतो. आधी थोडंसं गरम पाणी सोडून वडी भिजवली जाते, मशीन क्षणभर थांबतं, आणि मग पंप उरलेलं पाणी दाबानं तिच्यातून ढकलतो. हे पाणी ९० ते ९६ अंश सेल्सिअसच्या आसपास असावं लागतं. कॉफी तोटीतून कपात येते आणि पिळून निघालेला चोथा आतल्या डब्यात पडतो.

खोक्यावर ‘१५ बार’, ‘१९ बार’ असे आकडे ठळक छापलेले असतात. बार हे दाबाचं माप, आणि हे आकडे म्हणजे पंपाची कमाल ताकद. एस्प्रेसोसाठी, म्हणजे दाबानं काढलेल्या छोट्या, दाट कॉफीसाठी, ९ बारच्या आसपासचा दाब पुरतो. १९६१ साली फाएमा कंपनीच्या ई-६१ या यंत्रानं विजेच्या पंपानं हा दाब द्यायला सुरुवात केली आणि तेव्हापासून तेच माप मानलं जातं. तेव्हा १९ बारचं मशीन १५ बारच्या मशीनपेक्षा चांगली कॉफी करेल, या समजावर जास्त पैसे खर्च करू नका.

आता या सगळ्यातली महत्त्वाची गोष्ट. प्रत्येक कपामागे मशीनच्या आत ओली पूड, कॉफीचं तेल आणि वाफेचं पाणी मागे राहतं. दुधाची कॉफी केली असेल तर दूधही. म्हणजे खरकटंच. सिंकमधलं खरकटं भांडं निदान डोळ्यांना दिसतं, हे झाकणाआड असतं. दिवसाला पाच मिनिटं आणि आठवड्याला एकदा पंधरा मिनिटं द्यायची तयारी असेल तरच हे मशीन घ्या, असं मी विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगते. तेवढा वेळ दिला तर ते वर्षानुवर्षं उत्तम कॉफी देतं.

जागा

ओट्यावर जागा बघताना नुसती मशीनची रुंदी मोजू नका. टाकी बाहेर काढायला, हॉपरचं झाकण उघडायला आणि ब्रू युनिट ओढून घ्यायला हात कुठून जाणार ते बघा. काही मॉडेलमध्ये ब्रू युनिटचं दार बाजूला असतं. ती बाजू भिंतीला टेकली की दर आठवड्याला अख्खं मशीन फिरवावं लागतं, आणि मग ते काम पुढे ढकललं जातं. शेगडीशेजारी ठेवू नका. बियांना उष्णता सोसत नाही आणि तेलकट वाफ मशीनवर बसते. बहुतेक घरगुती मशीन पाणी तापवताना १४०० ते १५०० वॅट वीज ओढतात, म्हणून अर्थिंग असलेल्या भिंतीतल्या सॉकेटलाच जोडा, लांबवलेल्या बोर्डाला नको.

पहिला दिवस

खोकं उघडल्यावर ग्राइंडरच्या तोंडाशी किंवा तोटीखालच्या ट्रेमध्ये कॉफीची थोडी पूड दिसली, तर वापरलेलं मशीन गळ्यात मारलं असं समजू नका. बऱ्याच कंपन्या कारखान्यात खरी कॉफी करून मशीन तपासतात.

टाकी, ट्रे आणि चोथ्याचा डबा साध्या पाण्यानं धुवून घ्या. मग पाणी तपासायची पट्टी शोधा. बहुतेक मशीनबरोबर एक कागदी पट्टी येते, आणि बहुतेक लोक ती तशीच टाकून देतात. ती तुमच्या पाण्यात क्षणभर बुडवा, मिनिटभर थांबा, तिच्यावरचे किती चौकोन रंग बदलतात ते मोजा आणि मशीनच्या सेटिंगमध्ये पाण्याच्या जडपणाची ती पातळी भरा. आतला चुन्याचा थर कधी साफ करायचा, म्हणजे डीस्केलिंग कधी करायचं, याची आठवण मशीन या आकड्यावरूनच काढतं. किती पाणी आतून गेलं ते मोजतं आणि जडपणाशी त्याचा हिशोब जुळवतं. पाणी जड असताना सेटिंग हलक्या पाण्याचं राहिलं, तर दिवा लागेपर्यंत आतल्या नळ्यांत थर साचलेला असतो. एका मिनिटाचं हे काम मशीनचं आयुष्य ठरवतं.

त्यानंतर टाकी भरा, मशीन सुरू करा आणि गरम पाण्याच्या तोटीतून कपभर पाणी जाऊ द्या. पंपात हवा असते, म्हणून सुरुवातीला खडखडाट होतो. पाण्याची धार सलग पडू लागली की आवाज खाली येतो. धार आलीच नाही तर बंद करून पुन्हा एकदा करा, हवा अडकलेली असू शकते. मग बिया घाला आणि पहिले चार-पाच कप करून ओतून द्या. चांगली कॉफी ओतायची जिवावर येतं, पण हे कप पिण्यासाठी नसतातच. त्यातून नळ्या धुतल्या जातात, ग्राइंडर पुडीनं भरतो आणि किती पूड पडते याचा अंदाज मशीन स्वतःच घेतं. पहिल्या दोन कपांवरून ‘कॉफी पाणचट होते’ असं ठरवून मशीन परत पाठवणारे लोक मला माहीत आहेत.

एक प्रश्न हमखास येतो: ट्रेमध्ये इतकं पाणी कुठून येतं, मशीन गळतंय का? बहुधा नाही. सुरू होताना आणि बंद होताना मशीन स्वतःला खळखळून घेतं, ते पाणी ट्रेमध्ये उतरतं. ब्रू युनिटमधला दाब सोडतानाही थोडं पाणी तिथेच जातं. दिवसाला चार कप होत असतील तर ट्रे एक-दोन दिवसांत भरतो. ट्रेबाहेर, मशीनखाली पाणी दिसलं तर मात्र लक्ष द्या. आधी ट्रे नीट आत बसलाय का ते बघा.

बिया

मशीन कितीही महागडं असलं तरी बिया जुन्या असतील तर कॉफी जुनीच लागणार. पाकिटावर भाजल्याची तारीख शोधा. फक्त ‘या तारखेपूर्वी वापरा’ एवढंच लिहिलेलं असेल तर बिया कधी भाजल्या ते कळत नाही. भाजल्यानंतर पहिले काही दिवस बियांमधून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत असतो. अगदी ताज्या बियांची कॉफी फेसाळ होते, क्रेमा, म्हणजे कॉफीवरचा तपकिरी फेस, उंच दिसतो, पण चव टोकदार आणि विस्कळीत लागते. आठवडाभर थांबा. साधारण तिथून पुढचे तीन-चार आठवडे उत्तम. नंतर त्या खराब होत नाहीत, हळूहळू वास हरवत जातात.

भाजणी मध्यम असलेल्या बियांनी सुरुवात करा. फार फिकट भाजलेल्या बिया कडक असतात आणि त्यांची चव काढायला ही मशीन कमी पडतात, कॉफी आंबट लागते. उलट काळ्या, तेलानं चमकणाऱ्या बिया ग्राइंडरला त्रास देतात. तेल हॉपरच्या भिंतींना चिकटतं, बिया खाली सरकत नाहीत, डबा भरलेला असताना ‘बिया संपल्या’ असा दिवा लागतो, आणि काही दिवसांनी ते तेल खवट होऊन प्रत्येक कपात उतरतं. साखरेचा थर देऊन भाजलेल्या किंवा वरून सुगंध लावलेल्या बिया तर हॉपरमध्ये घालूच नका. साखर दात्यांमध्ये घट्ट बसते आणि मग ग्राइंडर उघडण्यावाचून उपाय उरत नाही.

हॉपर साठवणीसाठी नाही. दोन दिवस पुरतील एवढ्याच बिया त्यात घाला, बाकीच्या हवाबंद डब्यात अंधाऱ्या, थंड जागी ठेवा. फ्रिजमध्ये नको, तिथे ओल धरते आणि इतर पदार्थांचे वास लागतात. जास्त दिवस टिकवायच्या असतील तर छोट्या हवाबंद पुड्या करून फ्रीझरमध्ये ठेवा. पुडी बाहेर काढल्यावर ती खोलीइतकी उबदार होईपर्यंत उघडू नका आणि परत आत ठेवू नका.

बिया घालताना त्या आधी ताटलीत पसरून नजर टाकायची सवय मला मशीन आणल्यानंतर दुसऱ्या महिन्यात लागली. एका पाकिटातून वाटाण्याएवढा खडा ग्राइंडरमध्ये गेला होता. आधी कर्कश्श आवाज, मग नुसती घरघर. व्हॅक्यूम क्लीनरनं बिया ओढून काढल्या, खडा दिसला, चिमट्यानं निघाला. दाते वाचले हे नशीब. आता दहा सेकंद ताटलीकडे बघते.

कॅफीन नसलेली कॉफी एखाद्यालाच लागत असेल तर बऱ्याच मशीनना दळलेल्या पुडीसाठी वेगळं तोंड असतं. त्यात मोजून एकच सपाट चमचा घाला, तोही मशीन चालू असताना. बंद असताना घातलेली पूड आत भलतीकडे पसरते. इन्स्टंट कॉफी या तोंडात कधीही नाही. ती पाण्यात विरघळून चिकट होते आणि वाट बुजवते. तसंच दळलेली पूड हॉपरमध्ये नको, ती बियांचीच जागा.

चव बसवणं

लोक सगळ्यात जास्त गोंधळतात ते इथे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची हे पथ्य पाळलं तर हे काम एका आठवड्यात होतं. मी पहिल्या आठवड्यात दळण, पूड आणि पाणी एकदम बदलत होते. कधी कॉफी सुंदर व्हायची, पण कशामुळे ते कळायचं नाही आणि दुसऱ्या दिवशी ती चव सापडायची नाही. मग फ्रिजच्या दारावर एक कागद लावला आणि प्रत्येक कपापुढे चार शब्द लिहायला लागले. तिथून घडी बसली.

सुरुवात एस्प्रेसोपासून करा, तुम्ही शेवटी दुधाची कॉफीच पिणार असलात तरी. दुधात चुका लपतात. पुडीचं प्रमाण मधल्यापेक्षा एक पायरी वर ठेवा. कपात येणारी कॉफी ४० मिलीवर बांधा. बऱ्याच मशीनवर कारखान्यातून हे माप जास्त ठेवलेलं असतं. दळण मध्यावर ठेवा. आता कप करा, घड्याळ लावा आणि चाखा.

पहिला थेंब पडल्यापासून ४० मिली भरायला वीस ते तीस सेकंद लागत असतील तर तुम्ही योग्य जागी आहात. दहा-बारा सेकंदांत कप भरला, कॉफी फिकट आणि आंबट लागली, तर पाणी पुडीतून पळून गेलंय. दळण एक पायरी बारीक करा. थेंब-थेंब पडतेय, रंग काळाकुट्ट, आणि जिभेवर करपट कडवटपणा रेंगाळतो, तर दळण जास्त बारीक झालंय. एक पायरी जाड करा. आंबट आणि कडू यात गल्लत होत असेल तर अशी खूण धरा: आंबटपणा चटकन लागतो आणि तोंडाला पाणी सुटतं. कडवटपणा मागून येतो आणि घशाशी थांबतो.

दळणाची चकती फिरवण्याचा एक नियम आहे, आणि तो मोडला तर नुकसान होतं. ग्राइंडर चालू असतानाच ती फिरवायची, तीही एका वेळी एकच पायरी. थांबलेल्या ग्राइंडरच्या दात्यांमध्ये बियांचे तुकडे अडकलेले असतात. तेव्हा फट कमी करायला गेलं की ते तुकडे चिरडायचा सगळा जोर दातेरी चाकांवर येतो. काही नव्या मॉडेलमध्ये दळण पडद्यावरून बदलतं, त्यांना हा नियम लागू नाही. बदल केल्यावर लगेचचा कप बघून निर्णय घेऊ नका. आत जुन्या मापाची पूड शिल्लक असते, फरक दोन-तीन कपांनंतर दिसतो. बियांचं वाण बदललं तरीही असंच.

दळण बसल्यावर पुडीचं प्रमाण बघा. चव बरोबर आहे पण कॉफी पातळ वाटते, तर पूड वाढवा. मशीनवर दाण्यांचं चित्र असतं, एक दाणा म्हणजे सौम्य, तीन म्हणजे गडद. हे दाणे कॉफीचा कडवटपणा मोजत नाहीत, फक्त किती ग्रॅम पूड पडेल ते ठरवतात. तापमान सगळ्यात शेवटी. गडद भाजणीला थोडं कमी, फिकट भाजणीला जास्त.

मोठा कप हवा असला की बहुतेक जण एस्प्रेसोचंच पाणी वाढवतात. ७ ग्रॅम पुडीतून २०० मिली पाणी ढकललं की शेवटचं निम्मं पाणी फक्त कडवट अर्क आणतं. त्याऐवजी ४० किंवा ५० मिलीची कॉफी घ्या आणि गरम पाण्याच्या तोटीतून वर हवं तेवढं पाणी घाला. फरक पहिल्या घोटात कळतो.

कॉफी कोमट येते ही तक्रार बऱ्याचदा कपाची असते. ४० मिली कॉफीला जाड, थंड कप सहज दहा-पंधरा अंशांनी उतरवतो. कपात आधी गरम पाणी घेऊन ओतून टाका, किंवा मशीनच्या खळखळण्याचंच पाणी त्या कपात पडू द्या. तोटी खाली ओढून कपाच्या काठाजवळ आणली की कॉफी कमी निवते आणि क्रेमाही मोडत नाही.

दूध

दूध फ्रिजमधून काढल्या काढल्या वापरा. थंड दुधाला फेस धरायला वेळ मिळतो. ६० ते ६५ अंशांवर थांबा. त्यापुढे, ७० अंशांच्या वर गेलं की गोडवा हरपतो, शिजल्याचा वास येतो आणि फेस बसतो. वाफेची नळी हातानं धरायची असेल तर आधी टोक दुधाच्या पृष्ठभागाला जेमतेम टेकवून हवा आत घ्या, फुर्र असा बारीक आवाज यायला हवा. भांडं हाताला कोमट लागलं की टोक थोडं बुडवून दूध गोल फिरत ठेवा. भांडं धरवेना झालं की बंद. फेस प्रथिनांमुळे उभा राहतो, स्निग्धांशामुळे तो मऊ लागतो. म्हणून साय काढलेल्या दुधाचा फेस उंच होतो पण कोरडा लागतो. वनस्पतीजन्य दूध वापरत असाल तर पाकिटावर ‘बरिस्टा’ लिहिलेलं घ्या. साधं ओटचं किंवा बदामाचं दूध कॉफीच्या आम्लानं फाटू शकतं.

आपोआप दूध ओढणाऱ्या मशीनमध्ये नळी असते किंवा डबा. शेवटचा कप झाल्यावर लगेच स्वच्छ पाणी ओढवून नळी धुवून घ्या, ‘नंतर करू’ म्हणू नका. दूध अरुंद नळीत सुकलं की पापुद्रा धरतो आणि पुढच्या खेपेला फेस येईनासा होतो. लोक मशीन बिघडलं समजतात, असतं ते वाळलेलं दूध. रोज रात्री दुधाचे भाग सुटे करून कोमट पाण्यानं धुवा, आणि आठवड्यातून एकदा दुधाच्या नळ्यांसाठी मिळणारं द्रावण वापरा.

खरकटं काढणं

रोज दोन कामं: चोथ्याचा डबा आणि ट्रे रिकामे करून धुणं. डबा भरल्याचा दिवा लागेपर्यंत थांबू नका. ओला, कोमट, अंधारात बंद असलेला चोथा दोन-तीन दिवसांत बुरशी धरतो. डबा काढताना मशीन चालू असू द्या. वड्या मोजणारा आकडा बऱ्याच मशीनमध्ये तेव्हाच शून्यावर येतो. बंद असताना डबा रिकामा केला तर मशीनला ते कळत नाही आणि रिकाम्या डब्याला ते ‘भरला’ म्हणत राहतं.

आठवड्याचं काम ब्रू युनिटचं. इथे दोन पंथ आहेत. डेलाँगी, फिलिप्स यांच्या मशीनमध्ये ब्रू युनिट हातानं बाहेर निघतं. जुराच्या मशीनमध्ये ते आत कायमचं बसवलेलं असतं आणि ठरावीक कपांनंतर सफाईची गोळी टाकून मशीन स्वतः ते धुतं. मला बाहेर निघणारं आवडतं, कारण काय धुतलं ते डोळ्यांना दिसतं. ज्यांना हात ओले करायचे नाहीत त्यांना गोळीची पद्धत सोयीची वाटेल, पण गोळीचा दिवा लागल्यावर कानाडोळा करून चालत नाही.

बाहेर निघणारं युनिट असं धुवा. मशीन बटणानं बंद करा, खळखळणं संपेपर्यंत थांबा, मगच दार उघडा. सॉकेटवरून मध्येच वीज तोडली तर युनिट अधल्यामधल्या जागी थांबतं आणि निघत नाही. ओढाताण करू नका, परत चालू करून बटणानं बंद केलं की ते जागेवर येतं. युनिट काढल्यावर नळाच्या कोमट पाण्याखाली धरा, वरची जाळी बोटानं चोळा. साबण नको, भांडी धुण्याचं मशीनही नको. साबणानं सरकणाऱ्या भागांवरचं ग्रीस निघून जातं. मोकळ्या झालेल्या पोकळीत सांडलेली कोरडी पूड मऊ ब्रशनं किंवा ओलसर फडक्यानं काढा. युनिट पूर्ण वाळू द्या, मी ते रात्रभर बाहेर ठेवते. दर काही महिन्यांनी रबरी कड्यांना आणि सरकणाऱ्या खाचांना खाद्य वापराचं सिलिकॉन ग्रीस बोटानं थोडंसं लावा. युनिट आत-बाहेर करताना अडखळलं किंवा कॉफी होताना कुंथल्यासारखा आवाज आला, तर ग्रीस संपलंय.

हॉपरमध्ये पाणी कधीही जाऊ देऊ नका. बिया संपल्या की कोरड्या फडक्यानं तेल पुसून घ्या.

पाणी आणि डीस्केलिंग

पाणी तापलं की त्यातला कॅल्शियमचा क्षार सुटून तापणाऱ्या भागावर पांढरा थर धरतो. थरामुळे उष्णता पाण्यापर्यंत नीट पोचत नाही, वाट अरुंद होते, पंपावर ताण येतो. कॉफी निवत चालली, धार बारीक झाली, आवाज वाढला, ही त्याची लक्षणं. टाकीत बसवायचं फिल्टर थर कमी करतं, त्याचं आयुष्य साधारण दोन महिने असतं. फिल्टर बसवलं की मशीनला सेटिंगमध्ये तसं सांगावं लागतं.

टीडीएस मीटरचा आकडा म्हणजे जडपणा नव्हे. ते पाण्यात विरघळलेले सगळेच क्षार मोजतं, थर धरतात ते मुख्यतः कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे. पट्टीवर विश्वास ठेवा. पट्टीवर ‘डीएच’ असं जर्मन अंशांचं माप असेल तर १ अंश म्हणजे जवळपास १७.८ पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम). ऊर्ध्वपातित किंवा क्षार जवळजवळ सगळेच काढलेलं आरओचं पाणी थर धरत नाही, पण कॉफी बेचव लागते, आणि काही यंत्रांचे पाण्याचे सेन्सर क्षारांच्या आधारानंच चालतात. कॉफीसाठीच्या पाण्यात लिटरमागे १५० मिलिग्रॅमच्या आसपास विरघळलेले क्षार चांगले मानतात. आरओचं पाणी असेल तर त्यात साधं पिण्याचं पाणी मिसळून बघा.

डीस्केलिंगचा दिवा लागला की हातात पाऊण तास मोकळा असताना बसा. टाकीतलं फिल्टर आधी काढा, विसरू नका, द्रावण त्याचा नाश करतं. ट्रे आणि डबा रिकामे करा. कंपनीनं सांगितलेलं द्रावण सांगितलेल्या मापात गार पाण्यात मिसळून टाकीत घाला. तोट्यांखाली दीड-दोन लिटरचं भांडं ठेवा. ओटा संगमरवराचा असेल तर खाली जुना टॉवेल जाड घडी करून अंथरा. हे आम्ल संगमरवरावर सांडलं तर जो डाग पडतो तो पुसून जात नाही, कारण तो दगडच खाल्लेला असतो. मग कार्यक्रम सुरू करा. मशीन थोडं द्रावण सोडतं, कितीतरी मिनिटं शांत बसतं, परत सोडतं. अडकलं समजून बंद करू नका, त्या शांततेतच थर विरघळत असतो. द्रावण संपल्यावर टाकी धुवून साध्या पाण्यानं भरा आणि खळखळून घ्या, मशीन सांगेल तितक्या वेळा. मध्येच वीज गेली तर कार्यक्रम पहिल्यापासून पुरा केल्याशिवाय कॉफी पिऊ नका. पहिला कप ओतून द्या.

व्हिनेगरचा सल्ला बरेच जण देतात. त्याचा वास आठवडे जात नाही आणि रबराच्या कड्यांना ते मानवत नाही. घरी सायट्रिक आम्ल कालवणाऱ्यांनी हे जाणून घ्यावं, की ते गरम झालं तर कॅल्शियमशी मिळून न विरघळणारा नवाच क्षार तयार करू शकतं, म्हणजे थर काढायला गेलो आणि गाळ बसवला. आणि डीस्केलिंगचं द्रावण व सफाईची गोळी या दोन वेगळ्या वस्तू आहेत. पहिलं चुना काढतं, दुसरी कॉफीचं तेल. एकीची जागा दुसरी घेत नाही.

बाहेरगावी जाताना

आठवड्याहून जास्त दिवस जाणार असाल तर निघायच्या आदल्या दिवशी हॉपरमधल्या बिया संपवा किंवा काढून डब्यात भरा. टाकी, ट्रे, चोथ्याचा डबा, दुधाचे भाग धुवून पुसा. ब्रू युनिट बाहेर काढून कोरड्या कपड्यावर ठेवा आणि त्याचं दार उघडंच राहू द्या, म्हणजे आतली ओल निघून जाते. घर गोठणबिंदूखाली जाणाऱ्या थंडीत रिकामं राहणार असेल तर नळ्यांतलं पाणीही काढावं लागतं, बऱ्याच मशीनमध्ये त्यासाठी वेगळा कार्यक्रम असतो. परत आल्यावर टाकी ताज्या पाण्यानं भरा, दोन कप नुसतं गरम पाणी सोडा, आणि पहिली कॉफी झाडांच्या मुळांशी ओता.